साखर बंद केली तर स्तनाचा कर्करोग टळतो का?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचं वय ४३. नणंदेला ४८ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग निघाला, मिरजेत केमो सुरू आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं काही ना काही सांगितलं आणि घरात साखर, दूध, सोयाबीन बंद झालं. आता सकाळी उपाशीपोटी सगळ्याच बायका हळदीचा काढा घेतात. ताईंना विचारायचंय की यातलं खरं किती, आणि त्यांनी स्वतः व त्यांच्या १४ वर्षांच्या मुलीनं काय खावं म्हणजे हा आजार होणार नाही. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "वन्सं सारखं विचारतात, मी असं काय खाल्लं म्हणून मला हे झालं?"

ताई, उत्तर या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. मी मिरजेत कर्करोगाच्या रुग्णांच्या आहाराचं काम करते आणि हे वाक्य बायकांच्या तोंडून सतत ऐकते. वन्संना माझ्या वतीनं स्पष्ट सांगा: तुम्ही खाल्लेल्या कुठल्याही एका पदार्थानं हा आजार झालेला नाही. चहातल्या साखरेनं नाही, भाकरीवरच्या लोण्यानं नाही, लग्नाच्या पंगतीतल्या जिलबीनं नाही. वाढतं वय, पाळी लवकर सुरू होणं किंवा उशिरा जाणं, मुलं न होणं किंवा पहिलं मूल तिशीनंतर होणं, अंगावर दूध पाजण्याचा काळ कमी असणं, घराण्यातून आलेला जनुकीय दोष, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, अशा अनेक गोष्टी धोका थोडाथोडा वाढवतात. आणि यातली एकही गोष्ट ठळकपणे नसलेल्या कितीतरी बायकांनाही हा आजार होतो. आजारी बाईला "तुझ्या खाण्यामुळं झालं" असं ऐकवणं चुकीचं तर आहेच, शिवाय त्यामुळं ती जेवायला घाबरते. ज्या दिवसांत अंगात ताकद हवी, नेमक्या त्याच दिवसांत ती अन्न टाळते. हे मी डोळ्यांनी बघते आणि मला त्याचा फार त्रास होतो.

मग आहाराचा संबंधच नाही का? आहे, पण लोक समजतात तसा नाही.

बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी होते. ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी देशात पहिल्यांदा तिथंच सुरू झाली. त्या नोंदींत बार्शीकडच्या खेड्यांतलं स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी दिसत आलंय. भाषा तीच, देव तेच, मग फरक कशाचा? पटकन कुणीही म्हणेल, ज्वारीच्या भाकरीचा. पण त्या पिढीतल्या खेड्यातल्या बाईचं आयुष्यच वेगळं होतं. लग्न लवकर, मुलं लवकर आणि जास्त, प्रत्येक मूल दोन-दोन वर्षं अंगावर, दिवसभर रानात काम, वजन बेताचं. भाकरी हा त्यातला एक भाग. जपानी बायका अमेरिकेत स्थायिक झाल्यावर एक-दोन पिढ्यांत त्यांच्यातही हा आजार वाढला. रक्त बदललं नव्हतं, राहणी बदलली होती. आपल्याकडं इस्लामपूर, विटा, कराड इथं आता तेच होतंय. मुलं एक किंवा दोन, तीही उशिरा, काम बसून, गाडी दारात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार होतो, आणि बायकांच्या सगळ्या कर्करोगांत तो पहिल्या क्रमांकावर आहे.

आहाराच्या बाजूनं ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे ती गोष्ट म्हणजे पाळी गेल्यानंतरचं वजन. कुठला पदार्थ खाल्ला यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. पाळी थांबली की बीजांडकोश इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन तयार करणं जवळजवळ बंद करतो. पण चरबीच्या पेशींत अ‍ॅरोमाटेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते शरीरातल्या दुसऱ्या हार्मोनपासून इस्ट्रोजेन बनवत राहतं. चरबी जितकी जास्त, तितकं हे इस्ट्रोजेन जास्त. स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याच प्रकारांना वाढायला हेच लागतं. सोबत इन्सुलिनही वाढतं आणि पेशींना वाढीचा इशारा देत राहतं. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, बॉडी मास इंडेक्स, तो ५ नं वाढला की पाळी गेलेल्या बाईचा धोका साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. पाळी चालू असलेल्या तरुण बायकांत मात्र हा संबंध असा सरळ दिसत नाही. आणि हार्मोनवर अवलंबून नसलेला प्रकार आपल्या देशात तुलनेनं जास्त आढळतो, म्हणून सडपातळ बाईला हा आजार होणारच नाही असं कुणी समजू नये.

टक्क्यांबद्दल एवढं लक्षात घ्या, म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या बातम्यांनी जीव घाबरा होणार नाही. समजा १०० बायकांपैकी ४ जणींना आयुष्यात कधीतरी हा आजार होणार आहे. धोका १० टक्क्यांनी वाढला म्हणजे ४ च्या १४ होत नाहीत. ४ चे ४.४ होतात. एका बाईसाठी फरक छोटा, सगळ्या जिल्ह्यासाठी मोठा.

आता साखर. "साखर कर्करोगाला पोसते" हे वाक्य कुठून आलं? कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भराभरा वापरतात, हे शंभर वर्षांपूर्वीच शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं आणि ते खरंच आहे. पण ग्लुकोज मेंदूलाही लागतं, हृदयालाही लागतं. तुम्ही साखर सोडली तर शरीर भाकरीतून, डाळीतून, शेवटी स्वतःच्या स्नायूंतून ग्लुकोज तयार करतं. फक्त गाठ उपाशी राहील असा काही मार्ग शरीरात नाही. साखरेचा दोष आहे तो वजनाच्या वाटेनं. म्हणून साखर कमी करा, पण घाबरून नव्हे. आणि साखर सोडून गूळ धरला म्हणजे सुटलो असं तर अजिबात नाही. आपल्या उसाच्या पट्ट्यात हा गैरसमज फार खोल रुजलाय. गुळात थोडं लोह असतं, पण उष्मांक जवळपास साखरेइतकेच.

वजन प्रत्यक्षात कसं वाढतं ते एका उदाहरणानं सांगते. पलूसकडच्या एक काकू, पन्नाशी ओलांडलेल्या, पाळी जाऊन चार-पाच वर्षं झालेली. त्यांचं म्हणणं, "मी काहीच खात नाही, तरी अंग सुटतंय." त्या खोटं बोलत नव्हत्या. आम्ही त्यांचा एक दिवस लिहून काढला. पहाटे चहा, दोन चमचे साखर. दूध घालून आल्यावर नातवाबरोबर परत चहा, दोन टोस्ट. नातवानं टाकलेलं उप्पीट त्यांनीच संपवलं. अकराला कुणीतरी आलं, पाहुण्याबरोबर चहा. जेवायला सगळ्यात शेवटी, तेव्हा माळवं संपलेलं, म्हणून दीड भाकरी शेंगदाण्याच्या चटणीवर तेल घालून. चार वाजता चहा आणि मूठ-दोन मूठ भडंग. रात्री पातेल्यात उरलेला भात, "टाकायचा कशाला" म्हणून. चार कप चहात ४० ग्रॅम साखर गेली, म्हणजे १६० उष्मांक. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत असेल तर आणखी चांगलं. आणि एवढं सगळं खाऊन दिवसभरात डाळ नाही, ताक नाही, पालेभाजी नाही, फळ नाही. उष्मांक जास्त आणि पोषण कमी, दोन्ही एकाच ताटात. एकादशीला तर शाबूची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि तूप. तो उपवास पोटाला हलका नसतो.

त्यांना मी कुठलाही डाएट चार्ट दिला नाही. सांगितलं ते असं: घरच्यांबरोबरच ताट वाढून घ्या, कालवण आणि भाजी आधी स्वतःच्या ताटात. चहाची साखर अर्ध्या चमच्यावर आणा, हळूहळू. उरलेलं पोटात टाकू नका, म्हशीला घाला किंवा सकाळी फोडणीला वापरा. संध्याकाळी देवळापर्यंत गप्पा मारत नाही, जरा दम लागेल असं चालत जा. सुनेला बोलावून घेऊन तिच्यासमोर हे सांगितलं, कारण शेवटी जेवायची सवय एकट्या बाईनं ठरवून मोडत नाही, घरानं मोडावी लागते. वर्षभरात वजन बेताबेतानं उतरलं. कमरेचा घेर टेपनं मोजत चला. बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

तेलाचा हिशेबही घरी बसून होतो. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा कॅन लागत असेल तर माणशी रोज ४० मिलीच्या वर तेल पोटात जातंय. माणशी महिन्याला ६०० ते ७०० मिलीत भागवायचा प्रयत्न करा. घाण्याचं शेंगतेल आहे म्हणून जास्त चालतं, असं नाही. चरबी कमी करून आजार टळतो का, हे अमेरिकेत ४८ हजारांवर स्त्रियांवर तपासलं गेलं. सगळ्या पाळी गेलेल्या. आठेक वर्षांत कमी चरबी खाणाऱ्या गटात स्तनाचे कर्करोग सुमारे ९ टक्के कमी झाले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. पुढं बराच काळ लक्ष ठेवल्यावर त्या गटात या आजारानं होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. त्या बायकांनी चरबीच्या जागी फळं, भाज्या, धान्य वाढवलं होतं आणि वजनही थोडं उतरलं होतं, त्यामुळं श्रेय एकट्या तेलाला देता येत नाही.

चोथ्याचं, म्हणजे धान्य-भाज्यांतल्या न पचणाऱ्या तंतूंचं (फायबरचं) म्हणाल तर जास्त चोथा खाणाऱ्या बायकांत धोका थोडा कमी, सुमारे ८ टक्क्यांनी, असं बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात दिसतं. शाळूची भाकरी, हुलगे, मटकी, चाकवत, तांदळी, हरभऱ्याचा पाला, हे सगळं आपल्याकडं होतंच. आता रोजच्या ताटातून ते मागं पडून पोळी, भात आणि बटाटा पुढं आलाय. परत आणा, एवढंच म्हणेन.

सोयाबीनची भीती तर मला पार काढून टाकायचीय. आपल्या भागात खरिपाला सोयाबीन पिकतं, बाजाराला जातं आणि घरात मात्र कुणी खात नाही. त्यात इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती द्रव्यं असतात, म्हणून ते वाईट, असा तर्क पसरला. प्रत्यक्षात ती द्रव्यं फार सौम्य आहेत. शांघायमध्ये ५ हजारांहून जास्त स्तन कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोया जास्त खाणाऱ्यांत आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण उलट कमी होतं. तेव्हा गव्हाच्या दळणात थोडं सोयाबीन घाला, वड्यांचं कालवण करा. कच्चं खाऊ नका, भाजून किंवा शिजवूनच. सोयाच्या अर्काच्या गोळ्या ही निराळी गोष्ट, त्या नकोत.

दुधानं स्तनाचा कर्करोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही. दूध, ताक, दही खुशाल घ्या.

हळदीबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण ती सांगलीची ओळख आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, तर कितीतरी जणांनी पाहिलीत. तिच्याबद्दलचा अभिमान मलाही आहे. पण हळदीतलं कुरकुमीन प्रयोगशाळेत पेशींवर जे करतं ते पोटातून जाऊन स्तनापर्यंत पोचून करतं, असं दिसलेलं नाही. ते आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. आमटी-भाजीतली हळद चांगलीच आहे, ती तशीच चालू ठेवा. काढ्यानं कर्करोग टळेल यावर मात्र भिस्त ठेवू नका. आणि केमो चालू असताना कुरकुमीनच्या गोळ्या, विशेषतः मिरीचा अर्क घातलेल्या, डॉक्टरांना न विचारता देऊ नका. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि काही औषधांच्या कामात या गोळ्या अडथळा आणू शकतात.

मटण-चिकनबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी थोडक्यात सांगते. आठवड्यातून एखाद्या वेळी रस्सा झाला म्हणून बिघडत नाही. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवलं गेलं, पण ते मुख्यतः आतड्याच्या कर्करोगाच्या संदर्भात.

दारूबद्दल मात्र शंका उरलेली नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच तिला कर्करोगकारक म्हटलं. रोज १० ग्रॅम मद्यार्क, म्हणजे साधारण एक लहान ग्लास वाइन, इतक्यानंही स्तनाच्या कर्करोगाचा धोका ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. आपला द्राक्षांचा भाग, "वाइन तब्येतीला चांगली" असं हल्ली शिकलेल्या घरांतही ऐकू येतं. बाईच्या बाबतीत हे धरू नका. मिश्रीचा संबंध स्तनापेक्षा तोंडाच्या कर्करोगाशी जास्त आहे, पण आमच्याकडं तोंडाच्या गाठी घेऊन येणाऱ्या कितीतरी आज्या मिश्री लावणाऱ्या असतात, म्हणून राहवत नाही. घरात कुणी लावत असेल तर थांबवा.

द्राक्षबागेत फवारतात त्या औषधांबद्दलही तुम्ही पत्रात एका ओळीत विचारलंय. द्राक्षावर उरलेल्या औषधामुळं स्तनाचा कर्करोग होतो, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळं फळं खाणं सोडू नका, वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवा. खरी काळजी घ्यायची ती फवारणी करणाऱ्यांनी. हातमोजे आणि मास्क हवेत, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत आणि पोरीबाळींना त्या दिवशी बागेत पाठवायचं नाही.

आता मुलगी. तुमच्या पत्रात एक गोष्ट सुटलीय. नणंद तुमच्या रक्ताची नाही, त्यामुळं तिच्या आजारानं तुमचा धोका वाढत नाही. पण मुलीची ती सख्खी आत्या आहे. बऱ्याच घरांत समज असतो की हा आजार आईकडूनच येतो. तसं नाही. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतला दोष बापाकडूनही मुलीला येऊ शकतो, आणि बाप स्वतः ठणठणीत असू शकतो. स्तनाच्या कर्करोगांपैकी ५ ते १० टक्केच असे घराण्यातून येतात, तेव्हा लगेच धास्ती नको. पण आजाराचं निदान पन्नाशीच्या आत झालंय, म्हणून वन्संच्या डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल विचारा. तपासणी आधी वन्संची व्हायला हवी, मुलीची नाही. सासरच्या बाजूला आणखी कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का, तेही मोठ्यांना विचारून लिहून ठेवा.

मुलीच्या ताटात आज काही बंद करायची गरज नाही. पोटभर भाकरी, डाळ, उसळ, अंडं, दूध, फळं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात, किशोरवयात जास्त चोथा खाल्लेल्यांना पुढं स्तनाचा कर्करोग कमी झालेला दिसला. म्हणून कुरकुऱ्याच्या पुड्याऐवजी फुटाणे, पेरू. त्याहून महत्त्वाचं, तिला खेळू द्या. चौदाव्या वर्षी आपल्याकडं पोरींचं मैदान सुटतं आणि पोरांचं चालू राहतं, हे बदला. पुढं तिला मूल झालं तर अंगावर पाजायला तिला वेळ आणि घरची साथ मिळू दे. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा २००२ मध्ये एकत्र हिशेब केला तेव्हा दिसलं की पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागं धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. असं फळ देणारा काढा मला तरी माहीत नाही.

आणि तुमच्यासाठी, ताई: तुम्ही ४३ च्या आहात, खाण्याइतकंच तपासणीकडं लक्ष द्या. मुंबईत १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. महिनाभराचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासत होत्या. मशीन नाही, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रेही नाही. वीस वर्षांनी निकाल आला: गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची अशी तपासणी मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारा, उपकेंद्रात जा, लाजू नका. न दुखणारी गाठ, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्त येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, काखेत गाठ, यातलं काही दिसलं तर आठवड्याच्या आत डॉक्टरांकडं जायचं. "दुखत नाही, म्हणजे काही नाही" असं म्हणून किती बायका सुगी उरकायची वाट बघतात, पोरीचं लग्न होईपर्यंत थांबतात. दुखत नाही म्हणूनच लवकर दाखवायचं असतं.

राहिलं वन्संचं ताट. दूध आणि सोयाबीन आजपासून परत सुरू करा. केमोत वजन आणि स्नायू उतरू द्यायचे नाहीत. वजनाच्या दर किलोमागं रोज १ ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ५५ ते ८० ग्रॅम. घट्ट वरण, दोन उकडलेली अंडी, वाटीभर ताजं दही, मूठभर भाजलेले शेंगदाणे, सोयावड्यांचं कालवण, असं दिवसभरात थोडंथोडं, पाच-सहा वेळा. तोंड आलं असेल तर तिखट बंद, आंबील किंवा मऊ भात-ताक. चहात साखर हवी असेल तर घाला, त्यांना दोन घोट गोड लागू देत. कच्चे पाल्याचे रस, गव्हांकुराचा रस, उघड्यावरचा उसाचा रस नको, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातनं जंतुसंसर्ग होतो. पुढच्या केमोला याल तेव्हा गेल्या दोन महिन्यांतलं वजन आणि काढ्यात काय काय घालता ते सगळं एका कागदावर लिहून आणा, आणि तो कागद सलाईन लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.